मऊ ब्रेक, पकडणारा ब्रेक

सोलापूरची नवी पेठ ज्यांनी दिवाळीच्या आदल्या आठवड्यात पाहिली आहे, त्यांना तेथे मोटार चालवणे म्हणजे काय हे सांगायला नको. दुकानांसमोर दाटीने लावलेल्या दुचाक्या, फळांच्या हातगाड्या, रिक्षा, आणि या सगळ्यांतून पिशव्या सांभाळत वाट काढणारी माणसे. अशाच एका संध्याकाळी मी आमच्या शेजारच्या काकांबरोबर त्यांच्या जुन्या प्रीमियर पद्मिनीतून चाललो होतो. वेग सायकलीपेक्षा जास्त नव्हता. अचानक एक हातगाडी आडवी आली. काकांनी ब्रेक दाबला आणि उशीत पाय रुतावा तसे पेडल आत गेले. गाडी चालतच राहिली. त्यांनी घाईघाईने पाय उचलून पुन्हा दाबला. या वेळी मात्र गाडीने डावीकडे असा हिसका दिला की माझ्या हातातली पिशवी खाली पडली, आणि आम्ही सीताफळांच्या ढिगापासून वीतभर अंतरावर थांबलो. हातगाडीवाला काय म्हणाला ते येथे देत नाही.

घरी परतताना काका म्हणाले, "सर, ब्रेक लागत नाही अशी तक्रार करावी, की जास्त लागतो अशी?"

प्रश्न गमतीचा वाटला तरी नेमका होता. पहिल्यांदा दाबला तेव्हा ब्रेक मऊ लागला आणि दुसऱ्यांदा त्याने चाक पकडले. एकाच गाडीत, दोन सेकंदांच्या अंतराने, दोन उलटे दोष! हे कसे घडते ते तुम्ही शाळेत शिकलेल्या भौतिकशास्त्राच्या आधारानेच उलगडता येते. चला, पाहू या.

आधी गाडीविषयी थोडे. पद्मिनी ज्या कंपनीने बनवली ती प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली उभी केली, आणि वालचंदशेठ जन्माने सोलापूरचे, १८८२ सालचे. फियाटच्या आराखड्यावरून मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या या गाड्या मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून पुढे कित्येक वर्षे धावल्या. त्यांतली अखेरची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस निवृत्त झाली. खाजगी गाड्या मात्र हौशी लोकांनी अजून जपल्या आहेत. तेव्हा पुढे जे सांगणार आहे तो दोष गाडीचा नसून वयाचा आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

या गाडीच्या चारही चाकांना ड्रमब्रेक असतात आणि ते द्रवाच्या दाबाने चालतात. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या ब्रेक ऑइलवर दाब देतो. बंदिस्त द्रवाला एका जागी दिलेला दाब सर्व दिशांना जसाच्या तसा पोहोचतो हा पास्कलचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. त्यामुळे नळ्यांमधून तो दाब चारही चाकांतल्या लहान सिलिंडरांपर्यंत जातो, तिथले दट्टे बाहेर सरकतात आणि ब्रेक-शू फिरत्या ड्रमच्या आतल्या अंगाला दाबले जातात.

आता आकडे घेऊ. ते सोयीसाठी ठोकळ घेतले आहेत, पण वास्तवापासून दूर नाहीत. समजा, पायाने २०० न्यूटन बल लावले. पेडल ही तरफच आहे. ती हे बल पाचपट करते, म्हणजे मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर १००० न्यूटन. दट्ट्याचे क्षेत्रफळ ३ चौरस सेंटिमीटर असेल तर दाब होतो चौरस सेंटिमीटरला सुमारे ३३३ न्यूटन. हवेचा दाब चौरस सेंटिमीटरला १० न्यूटनच्या आसपास असतो, म्हणजे नळीतला दाब त्याच्या सुमारे ३३ पट झाला. चाकांत एकूण आठ दट्टे, प्रत्येकाचे क्षेत्रफळ ४ चौरस सेंटिमीटर धरा. प्रत्येक दट्ट्या १३०० न्यूटनांहून अधिक बलाने शू दाबतो. पायाने फक्त २०० न्यूटन लावले होते!

पण निसर्ग फुकट काही देत नाही. बल वाढले की अंतराची किंमत मोजावी लागते. शू आणि ड्रम यांच्यात १ मिलिमीटर फट असेल तर आठ दट्टे तेवढे सरकवायला ३.२ घनसेंटिमीटर तेल लागते. त्यासाठी मास्टर सिलिंडरचा दट्ट्या १ सेंटिमीटरहून थोडा अधिक सरकतो आणि पेडल, पाचाच्या पटीने, ५ सेंटिमीटरांहून थोडे अधिक. पेडलची पूर्ण धाव सुमारे १५ सेंटिमीटर असते. ब्रेक लावण्यासाठी आपल्याजवळ एवढीच पुंजी आहे.

या पुंजीतून हवेचा बुडबुडा काय खातो ते पाहा. नळीत ३ घनसेंटिमीटर हवा शिरली असे समजा, म्हणजे एका चमच्याहूनही थोडी. बॉइलच्या नियमाप्रमाणे दाब ३४ पट झाला (आधीचा एक वातावरणाचा दाब त्यात मिळवायला विसरू नका) की आकारमान ३४ वा भाग उरते. ३ घनसेंटिमीटर हवेची ०.१ देखील उरत नाही. तेव्हा मास्टर सिलिंडरमधून निघालेले २.९ घनसेंटिमीटर तेल फक्त तो बुडबुडा चेपण्यात खर्च झाले. पेडलच्या हिशेबात ते जवळजवळ ५ सेंटिमीटर! ५ वर थांबणारे पेडल आता १० वर थांबणार. त्यातून शू झिजून फट १ ऐवजी २ मिलिमीटर झाली असेल तर पेडल सरळ तळाला टेकेल. उलट, पाण्यावर एवढाच दाब दिला तर त्याचे आकारमान हजारात जेमतेम दीड भागाने घटते. ब्रेकसाठी द्रव का वापरतात आणि हवा का नको, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

शिक्षकांना हे वर्गात सहज दाखवता येईल. बिनसुईच्या दोन सिरिंज घ्या, एक ५ आणि एक २० मिलिलिटरची. दोन्ही प्लॅस्टिकच्या नळीने जोडा आणि पाण्यात बुडवून हवा राहणार नाही अशा भरा. लहान सिरिंज एका विद्यार्थ्याला दाबायला द्या आणि मोठी दुसऱ्याला अडवून धरायला सांगा. दाबणाऱ्याला लाकूड दाबल्यासारखे वाटेल. मग मुद्दाम २ मिलिलिटर हवा आत जाऊ द्या. आता हाताला स्प्रिंग लागेल. हाच मऊ ब्रेक.

मात्र पेडल खाली जाते याचे कारण दर वेळी हवाच असेल असे नाही. येथे पुष्कळ गाडीवाले फसतात, आणि काही मिस्त्रीसुद्धा. गाडी उभी असताना पेडल भराभर तीन-चार वेळा दाबून पाहावे. पहिल्यांदा खोल गेलेले पेडल नंतर वर येऊन दगडासारखे घट्ट झाले, तर आत हवा नाही. शू आणि ड्रम यांतली फट वाढली आहे आणि ती जुळवून घेतली की काम भागते. (प्रत्येक दाबाबरोबर टाकीतले थोडे जादा तेल पुढे जाते आणि शू पूर्ण मागे येण्यापूर्वी पुढची खेप येऊन पोहोचते, म्हणून पेडल वर येते.) पेडल वर आले तरी लवचीकच राहिले, तर हवा आहे किंवा रबरी होजपाइप जुना होऊन दाबाखाली फुगतो आहे. आणि पाय स्थिर ठेवला असता पेडल अर्ध्या मिनिटात हळूहळू बुडत गेले, तर तेल कुठूनतरी निसटते आहे. बाहेर कुठेच ओल दिसत नसेल तर मास्टर सिलिंडरमधल्या रबरी वाटीवरून ते मागच्या मागे परतत असावे. पाय हे येथे मोजण्याचे उपकरण आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत.

काकांच्या गाडीवर मी हा प्रयोग केला. पेडल वर आले, पण लवचीक. आणि दाबून धरल्यावर किंचित बुडत गेले. टाकीचे झाकण उघडले तर तेल अर्ध्याच्या खाली. "तेल मी दर महिन्याला घालतो की!" काका अभिमानाने म्हणाले. मला मात्र धडकी भरली. ब्रेक ऑइल इंजिनातल्या ऑइलसारखे जळत नाही. शू झिजतात तशी त्याची पातळी अगदी थोडी उतरते, एवढेच. दर महिन्याला भर घालावी लागते याचा अर्थ दर महिन्याला तेवढे तेल कोठेतरी जाते. वस्तुमान अक्षय्य असते हा नियम आपण परीक्षेत लिहितो आणि बाटलीतून तेल ओतताना विसरतो.

आता दुसरा दोष, ब्रेकने चाक पकडण्याचा. येथे पास्कलला बाजूला ठेवून घर्षणाकडे वळावे लागेल.

खडू फळ्याशी तिरका धरा. टोक मागे राहील असा ओढला तर तो गुपचूप रेघ काढतो. तोच खडू, तितकाच तिरका, टोक पुढे करून ढकलला तर तडतडतो, उड्या मारतो, कधी मोडतोही. पहिल्या वेळी घर्षण खडूला फळ्यापासून दूर लोटू पाहते, दुसऱ्या वेळी ते त्याला फळ्यात आणखी रुतवते. साध्या ड्रमब्रेकातल्या दोन शूंचेही असेच आहे. दोन्ही शूंचे एक टोक खिळ्यावर फिरते आणि दुसरे टोक सिलिंडर दाबतो. ड्रम ज्या दिशेने फिरतो तिच्यामुळे एका शूला घर्षण आणखी आत ओढून घेते. त्याला आपण आवळता शू म्हणू. दुसऱ्याला ते बाहेर ढकलते. तो सुटता शू.

समजा, खिळ्यापासून सिलिंडर २० सेंटिमीटर, लायनरचा मध्य १० सेंटिमीटर, आणि घर्षणबलाची रेषा १२ सेंटिमीटर अंतरावर आहे. खिळ्याभोवतीची आघूर्णे मांडली की ड्रमवरचा दाबबल असा मिळतो: आवळत्या शूसाठी सिलिंडरचे बल गुणिले २०, भागिले (१० उणे १२ गुणिले घर्षणांक). सुटत्या शूसाठी छेदात उणेच्या जागी अधिक. फरक फक्त एका चिन्हाचा, पण सारी करामत त्याचीच आहे.

चांगल्या लायनरचा घर्षणांक ०.३५ धरू. आवळत्या शूचे घर्षण सिलिंडरच्या बलाच्या १.२ पट येते, सुटत्याचे निम्म्याच्या आसपास. आता काही कारणाने घर्षणांक ०.५ झाला असे समजा, म्हणजे साधारण दीडपट वाढ. सुटत्या शूचे घर्षण सव्वापटच वाढते, पण आवळत्या शूचे २.५ वर जाते, म्हणजे दुपटीहून अधिक होते! घर्षणांक आणखी वाढत ०.८३ ला पोहोचला तर छेद शून्य होतो. पाय नुसता टेकला तरी शू स्वतःच स्वतःला आवळत चाक जाम करतो. वहीत हे गणित एकदा करून पाहाच. ब्रेकने चाक पकडणे म्हणजे काय हे शंभर वेळा वाचण्यापेक्षा तो छेद शून्याकडे जाताना पाहिला की जास्त कळते.

आवळता शू लहानशा बदलाला एवढे मोठे उत्तर देतो म्हणून ड्रमब्रेक कमी ताकदीत भरपूर काम करतो आणि म्हणूनच तो लहरीही असतो. पावसात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचा ब्रेक सकाळी पहिल्या एक-दोन वेळा पकडतो, कारण ड्रमवर गंजाचा पातळ थर आलेला असतो. तो घासून गेला की ब्रेक ताळ्यावर येतो. त्याची काळजी नको. लायनरवर थोडेसे ग्रीस किंवा ब्रेक ऑइल गेले तर मात्र ते तापून चिकट होते आणि तेवढ्या एका चाकाचा ब्रेक पकडू लागतो. दोन पुढच्या चाकांपैकी एकच पकडले की गाडी त्या बाजूला ओढली जाणार हे उघड आहे. शूचा खिळा झिजला असेल किंवा शू ज्या पत्र्यावर बसतात तो सैल असेल तरीही असेच होते.

आता नव्या पेठेतला तो प्रसंग आठवा. तेल कमी होते, पेडल लवचीक होते आणि गाडी डावीकडे ओढत होती. दोन दोष आहेत की एकच, याचा अंदाज तुम्ही येथवर बांधला असेल.

रविवारी सकाळी मिस्त्री आले. मी कागदावर बाण काढून त्यांना सिद्धान्त समजावणार, तोच त्यांनी डाव्या पुढच्या टायरच्या आतल्या बाजूने बोट फिरवले आणि मला दाखवले. बोट ओले होते. "सर, हितंच हाय बघा," एवढेच म्हणाले. माझा कागद मी खिशात ठेवला.

बाकीच्या चाकांना दगड लावून, जॅकखेरीज पक्क्या घोडीवर गाडी टेकवून चाक आणि ड्रम काढला. सिलिंडरच्या टोकाचे रबरी बूट उचलताच तेल ठिबकले. लायनरच्या एका कडेला काळपट, चिकट डाग. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर गंजाचे खड्डे पडले होते आणि त्यांवर घासून रबरी वाटीची कड फाटली होती. दाब असताना तेल त्या कडेवरून बाहेर झिरपून लायनरवर जाई, म्हणून ब्रेक पकडे. पाय उचलल्यावर दट्ट्या मागे येताना आत किंचित पोकळी होई आणि त्याच फटीतून हवा शिरे, म्हणून ब्रेक मऊ लागे. एका रबरी वाटीने दोन्ही तक्रारी निर्माण केल्या होत्या. त्या काळच्या पुष्कळ गाड्यांत चारही चाकांना एकच तेलमार्ग असे, त्यामुळे एका चाकाची गळती चौघांना भोवते. हल्लीच्या गाड्यांत दोन वेगळे मार्ग असतात ते यासाठीच.

लायनर पेट्रोलने पुसून एमरीने घासू, असे मिस्त्रींचे म्हणणे पडले. येथे मी हटून बसलो. लायनर सच्छिद्र असतो. आत मुरलेले तेल वरून पुसून जात नाही, चार दिवसांनी तापल्यावर पुन्हा वर येते. शिवाय फक्त डावा बदलला तर डाव्या-उजव्या घर्षणांकात फरक राहून ओढ कायम राहील. शेवटी दोन्ही पुढच्या चाकांचे लायनर आणि रबरी वाट्या नव्या घातल्या, डावा सिलिंडर बदलला. ड्रममधली धूळ मिस्त्री हवेच्या फवाऱ्याने उडवणार होते, तेही थांबवले. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असे आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. ओल्या फडक्याने पुसावी.

पण सिलिंडरला आतून गंज चढलाच कसा? तेलात बुडालेले लोखंड गंजू नये. याचे उत्तर ब्रेक ऑइलच्या स्वभावात आहे. नावाला तेल असले तरी ते खनिज तेल नव्हे. ते ग्लायकॉल जातीच्या रसायनांपासून बनते आणि हवेतली आर्द्रता ओढून घेते. वर्षा-दोन वर्षांत त्यात पाणी मुरते. पाणी आले की गंज आला, आणि त्याहून धोक्याची गोष्ट म्हणजे उत्कलनबिंदू उतरला. 'डॉट ३' प्रतीचे ताजे ब्रेक ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरले की ही मर्यादा १४० पर्यंत खाली येऊ शकते. (ब्रेकच्या टाकीत इंजिन ऑइल कधीही ओतू नये. खनिज तेलाने आतले रबर फुगते आणि सगळ्या वाट्या निकामी होतात.)

१४० अंश फार वाटतात ना? सोलापुराहून तुळजापूरला जाताना शेवटी घाट लागतो. तो उतरताना काय होते त्याचा हिशेब करू. माणसांसह १२०० किलोग्रॅमची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगातून थांबवली तर तिची गतिज ऊर्जा, सुमारे १ लाख ६७ हजार ज्यूल, उष्णतेत बदलते. अर्धा लिटर पाण्याला उकळी आणील एवढी. पुढच्या एका ड्रमच्या वाट्याला ५० हजार ज्यूल आले आणि ड्रम ५ किलोग्रॅम बिडाचा असला तर त्याचे तापमान २० अंशांनी वाढते. आता हीच गाडी १०० मीटर उंची ब्रेक दाबून उतरली तर स्थितिज ऊर्जेतून जवळजवळ ११ लाख ७६ हजार ज्यूल उष्णता होते. म्हणजे लागोपाठ सात वेळा साठच्या वेगातून थांबण्यासारखे! वाऱ्याने थोडे थंड होते ते सोडले तर ड्रम १४० अंशांनी तापला. त्यात मे महिन्यातले सोलापूरचे बेचाळीस-त्रेचाळीस अंश मिळवा. ड्रमची उष्णता शू आणि दट्ट्यांवाटे सिलिंडरमधल्या तेलापर्यंत पोहोचते. तेलात पाणी असेल तर तेथे वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच चेपली जाते. वर ताशी ६० ने व्यवस्थित चालणारे ब्रेक घाटाच्या तळाशी एकाएकी जातात ते असे. अर्ध्या तासाने गाडी थंड झाली की वाफ विरते, पेडल पूर्वीसारखे होते आणि मिस्त्रीला काहीच सापडत नाही. म्हणून घाट चढताना जो गिअर लागतो त्याच गिअरमध्ये उतरावे. इंजिनाला काम करू द्यावे. आणि पेडल गेलेच, तर भराभर दाबत राहावे, गिअर खाली आणावा आणि हँडब्रेक हळूहळू ओढावा. तो तारेने चालतो, त्याला तेलाचे सुखदुःख नाही.

तर काकांच्या गाडीतले सगळे जुने तेल काढून टाकले. ते चहासारखे काळपट निघाले. नवे भरून हवा काढली: मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात, निपलला पारदर्शक नळी, नळीचे टोक बाटलीतल्या तेलात बुडवलेले. काका पेडल दाबून धरत, मिस्त्री निपल उघडत, बुडबुडे निघत, निपल बंद झाल्यावरच काका पाय उचलत. हा क्रम चुकला तर निघालेली हवा पुन्हा आत जाते. काकांची नात बाटलीतले बुडबुडे मोजत बसली होती. बुडबुडे डाव्या पुढच्या चाकातून सर्वांत जास्त निघाले, हे तिनेच सांगितले.

दुपारी मोकळ्या मैदानावर ताशी २० च्या वेगाने स्टिअरिंग हलके धरून चार वेळा ब्रेक लावून पाहिला. गाडी सरळ रेषेत थांबली. काकांनी टाकीवर तेलाच्या पातळीशी पांढऱ्या रंगाची रेघ मारून ठेवली आहे. मधे एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेला. तेल अजून रेघेला टेकूनच आहे, आणि दर महिन्याला आणायची बाटली आता फडताळात न उघडलेली पडून आहे.